सोनूबाईच्या मापाची खुर्ची

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी एक जुनी, ठेंगणी खुर्ची आहे. पाठ ऐटदार, हात रुंद आणि पाय मात्र बुटके. रविवारच्या शाळेला येणारी तुम्ही पोरं मला ‘बुटकी’ म्हणता, तेही मला ऐकू येतं हो! पण माझे पाय जन्मापासून असे नव्हते.

माझा जन्म रत्नागिरीतलाच. आपल्या देवळाच्या आवारातला फणस वादळात पडला, तेव्हा सदू सुताराने त्याच्या पिवळ्याधमक लाकडातून मला घडवलं. त्या सुमारास एक गोरा साहेब जिल्ह्यात आला होता. मोठा अंमलदार, पण देवभोळा. दर रविवारी या छोट्या ख्रिस्ती देवळात उपासनेला यायचा. मंडळी चटईवर मांडी घालून बसायची आणि साहेबाला मांडी काही केल्या जमेना. म्हणून मी! “सायेब ताडमाड हाय, पाय चांगले उंच ठेवतंय,” असं म्हणत सदूने मला भलतंच उंच केलं.

मला मांडलं कुठे, तर अगदी पुढे, क्रूसाच्या समोर, लोकांकडे तोंड करून. इथेच सगळ्यांचं चुकलं. पण आपल्याकडे पाहुण्याला मागे बसवत नाहीत, आणि सरकारी पाहुण्याला तर नाहीच नाही. शाळेच्या बक्षीस समारंभात बसवतात तसं भाबड्या मंडळींनी साहेबाला देवळातही बसवलं. तो बिचारा आधी लाजून लालेलाल झाला, मग त्याला सवय झाली. लोक गुडघे टेकून माना लववायचे, आणि समोर आम्ही दोघं! क्रूस आमच्या पाठीमागे झाकलेला.

माझं सगळ्यात लाडकं माणूस म्हणजे सोनूबाई. ती विधवा होती, चटया विणून पोट भरायची. देवळातल्या चटया दर रविवारी तीच अंथरायची आणि मला पदराने पुसायची. “बाय माझी, किती गो धूळ बसली तुज्यावर!” असं कुणी म्हटलं की लाकडालासुद्धा बरं वाटतं.

तिचा एकुलता एक मुलगा बाबू मुंबईला छापखान्यात होता. तीस साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा तो काम सोडून शिरोड्याला गेला, त्याने मूठभर मीठ उचललं आणि तो तुरुंगात गेला. सोनूबाई रडली, चार दिवस जेवली नाही. मग ती देवळाच्या पाळकांकडे, शांतवनरावांकडे गेली आणि म्हणाली, “माज्या बाबूचं नाव घ्या.”

आपल्या देवळाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. प्रार्थनेच्या वेळी दूर असलेल्यांची नावं घेतात. गलबतावर गेलेले, मुंबईला गेलेले, इस्पितळात पडलेले. पाळक एकेक नाव घेतात आणि मंडळी म्हणते, “प्रभो, सांभाळ.” सोनूबाईला एवढंच हवं होतं. शांतवनराव हो म्हणाले. पण गावात गोष्ट लपते थोडीच? शनिवारी साहेबाचा शिपाई निरोप घेऊन आला. कैद्याचं नाव उपासनेत घ्यायचं नाही, घेतलं तर देवळाला कुलूप लागेल.

रविवार उजाडला. साहेब येऊन माझ्यावर बसला. शांतवनरावांनी विलायतेच्या राजासाठी प्रार्थना केली, ती ते दर रविवारी करत. मग नावं सुरू झाली. खलाशी झाले, मुंबईकर झाले, आजारी झाले. आणि पाळक थांबले. बाबूचं नाव काही त्यांनी घेतलं नाही. देवळाचा सगळा भार त्यांच्यावर होता, मित्रांनो. भ्यायले बिचारे.

तेव्हा सोनूबाई उठली.

“सायेब,” ती म्हणाली, “जरा बाजूला होता काय? तुमी मधी बसलाव. मला पलीकडं बोलायचं हाय.”

साहेबाला मराठी येत होती. “बाई, हा सरकारचा हुकूम आहे,” तो म्हणाला.

“आसूंदे की! सारा मागता, तो देतो. पोराला नेलाव, मी काय आडवी आले? पण देवाशी बोलायला तुमचा हुकूम कशाला?”

मग शांतवनरावही पुढे झाले. “साहेब, राजासाठी मी मनापासून प्रार्थना केली, पुढच्या रविवारीही करीन. पण या माउलीला देवापुढे अडवायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही.”

साहेब उभा राहिला. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. त्याने मागे वळून क्रूसाकडे पाहिलं. मग त्या एवढ्या मोठ्या अंमलदाराने मला स्वतःच्या हातांनी उचललं, बाजूला खिडकीपाशी ठेवलं आणि क्रूसाकडे तोंड करून बसला.

“बाबू, सोनूबाईचा मुलगा, तुरुंगात,” शांतवनराव म्हणाले.

“प्रभो, सांभाळ,” मंडळी म्हणाली. साहेबही पुटपुटला.

लगेच बाबूला सोडलं, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण नाही सोडलं. तो शिक्षा पुरी भोगूनच आला, वाळून काटकी झालेला. देवळाला मात्र कुलूप लागलं नाही. साहेब बदली होईपर्यंत खिडकीपाशीच बसत राहिला.

पुढे सोनूबाईचे गुडघे गेले. चटईवर बसवेना, तेव्हा बाबूने तिला उचलून माझ्यावर बसवलं. तिचे पाय अधांतरी लोंबकळले! “अगो बाय, ही खुर्ची का झोपाळा?” ती ओरडली आणि सगळं देऊळ हसलं. मग बाबूने सदू सुताराला बोलावलं आणि माझे पाय चार बोटं कापायला लावले. करवत लागली तेव्हा दुखलं हो, संपला आपला रुबाब असं वाटलं. पण सोनूबाईची पावलं जमिनीला टेकली आणि तिने मला पदराने पुसलं. शेवटपर्यंत ती माझ्यावरच बसली. गेल्या वर्षी ती गेली. तिची आठवण आली की मला अजून रडावंसं वाटतं, पण लाकडाला रडता येत नाही.

परवा कुणीतरी म्हणत होतं, नवा साहेब येणार आहे, बुटकीच्या पायांखाली ठोकळे देऊन तिला पुढे मांडू. नको रे बाबांनो! मला पुसा, माझ्या बैठकीचा उसवलेला वेत विणून घ्या, ज्याचे गुडघे दुखतात त्याला माझ्यावर बसवा. पण मला खिडकीपाशीच राहू द्या. पुढची जागा मोकळी ठेवा. कुणाची तरी आई तिथून पलीकडे बोलत असेल.