नेट स्लो हाय, भाऊ

"डोळा ओढताना श्वास धर, गो. देव पयला तुलाच बघनार हाय."

बापाचा हा आवाज सीताबाईच्या कानात परकराच्या वयापासून बसला होता. तेव्हापासून जोहे गावच्या गणपतींच्या कारखान्यात किती बाप्पांनी डोळे उघडून पहिल्यांदा तिला पाहिलं, त्याला गणती नाही. सोंड कुणीही रंगवावी, पितांबर कुणीही. डोळ्यांची आखणी सीताबाईची. त्या डोळ्यांकडे संशयानं बघायची कारखान्यात रीतच नव्हती.

यंदा ती श्वास धरी, पण रेघ धरत नव्हती. बुबुळाभोवती धुकं उतरे, पहाटे भातखाचरावर उतरतं तसं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की हातातला ब्रश जाणार आणि पॉलिशपेपर येणार.

रोह्याच्या मंडळाच्या दिनानाथांनी मूर्ती बघायला व्हिडिओ कॉल लावला. पितांबर रंगवणाऱ्या सुनेनं, अपेक्षानं, मोबाइल बाप्पासमोर धरला.

"अगं, एक डोळा माझ्याकडं, दुसरा कोलाडकडं!"

"नेट स्लो हाय, भाऊ. आजचा डेटा संपला," अपेक्षा म्हणाली.

"प्लॅन अनलिमिटेड ना तुझा?"

"व्हय. संपल्यावर पन चालतो. बैलगाडीनं."

चित्राचे चौकोन झाले, आणि दिनानाथांचं उघडं तोंड उघडंच राहिलं. सीताबाईनं मनातल्या मनात त्या मोबाइल कंपनीची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवसापासून तिला एकाएकी भक्ती चढली. चहाच्या आधीच, "मोबाइलवर भजन लाव गो. चित्र चांगलं मोठं दिसंल असं लाव." रंग वाळेपर्यंत टाळ वाजत. टाळ अडखळले, पडद्यावर चक्र फिरू लागलं, डेटा संपला, असं अपेक्षा करवादली की सीताबाई ब्रश धुवायला उठे.

"झालं. आता लाव रोह्याला."

"आई, भजन अर्ध्यात तुटलं!"

"देवाला पोचलं तेवढं पुरे."

रोह्याला रोज चौकोनांचा बाप्पा दिसे, आणि दिनानाथ रोज कंपनीला शिव्या घालत.

मूर्ती न्यायचा टेम्पो निघायच्या दिवशी मात्र त्यांचाच फोन आला. "अपेक्षा, तुझ्या नंबरावर मीच जादा डेटा टाकलाय. आता दाखव."

"भाऊ, लख्ख दिसताय! मिशीत पोहा अडकलाय तुमच्या."

"पोहा राहू दे. डोळा अजून कोलाडकडंच बघतोय!"

अपेक्षानं मूर्तीकडे पाहिलं. मग सासूकडे, जरा जास्तच वेळ. सीताबाईला तिचा चेहरा नीट दिसला नाही.

"नेट..." अपेक्षा हळू म्हणाली, "अजून स्लोच हाय, भाऊ."

देवासमोर उभी राहून पोर तिच्यासाठी खोटं बोलत होती. सीताबाईनं ब्रश पदराला पुसला, सुनेच्या मुठीत दिला आणि मोबाइल स्वतःकडे वळवला.

"नेट बरं हाय, दिनानाथभाऊ. मलाच दिसत नाय आताशा. बाप्पाचे डोळे आता अपेक्षा आखंल."