लाल नावाचं पुस्तक

"अकरावं प्रकरण लागत नाही हो. खरं तर कुठलंच लागत नाही," हेडफोन काढत खुर्च्या विणणारे आजोबा म्हणाले.

अंधांसाठी बोलकी पुस्तकं ठेवणाऱ्या त्या वाचनालयात संगणक सांभाळणाऱ्याला सगळे तारवाले म्हणत. परवाच त्यांनी सगळी पुस्तकं नव्या यंत्रावर आणली होती. नावं मोजली, चारशे बारा भरली, आणि जुन्या डिस्क भोकं पाडून भंगारात गेल्या. स्वारी खुशीत होती.

त्यांनी यादी काढली. बाकी सगळी नावं निळी, एकच लाल. समुद्रप्रवासाचं पुस्तक, त्यांच्या बायकोनं वाचलेलं. नावापुढे बाण आणि बाणापुढे दुसऱ्या डिस्कवरचा पत्ता. लाल म्हणजे त्या पत्त्यावर आता काहीच नाही.

मग आठवलं. नऊ वर्षांपूर्वी जागा संपली, तेव्हा त्यांनीच ते पुस्तक दुसऱ्या डिस्कवर हलवून इथे नुसती लिंक ठेवली होती. लिंक म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. पत्त्यावर जाऊन खरा माल आण, असं सांगायला कॉपीच्या कमांडला एक अक्षर जादा द्यावं लागतं. ते राहिलं. कमांडनं इमानेइतबारे चिठ्ठी तेवढी उचलून आणली, माल जुन्या डिस्कबरोबर भंगारात गेला.

घरी दुसरी प्रत नव्हती. बायको गेल्यावर तो आवाज घरात ऐकायचं धाडसच झालं नव्हतं.

"तिचा आवाज गेला आजोबा. माझ्या हातानं घालवला."

खिडकीतलं ऊन टेबलावरून आजोबांच्या बोटांवर आलं. मग बोटं वेत ओढल्यासारखी हलू लागली आणि ते हळूच बोलू लागले, "पहाटे गलबत सुटलं, तेव्हा किनाऱ्यावर कोणीच नव्हतं..."

थांबायच्या जागा तिच्याच होत्या.

"पंधरा वर्षं हात खुर्चीवर नि कान बाईंकडे. हे अकरावं प्रकरण तेवढं पाठ झालंय बघा. बाकीची नाही येत."

तारवाल्यांनी मायक्रोफोन पुढे सरकवला.

दुपारी आजोबा घरी गेल्यावर त्यांनी नव्या यंत्रावर त्याच जुन्या पत्त्याचे फोल्डर एकात एक तयार केले आणि ते एकच प्रकरण तिथे ठेवलं. पुन्हा यादी मागितली. लाल नाव आकाशी झालं होतं. चिठ्ठीला पत्त्याशी मतलब, तिथे कोण राहतं याच्याशी नाही.

त्यांनी हेडफोन लावला. गलबत सुटलं, किनारा मागे पडला, खोली पाण्यावर तरंगल्यासारखी झाली. तिसऱ्या पानावर आजोबांना खोकला आला, अगदी तिला आला होता तिथेच. खोकला नि त्यामागची माफी कापून टाका म्हणून ती किती मागे लागली होती, यांनीच दोन्ही ठेवलं होतं.

"माफ करा," आजोबांचा आवाज म्हणाला.

"असू दे गं," तारवाले म्हणाले आणि पुढचं ऐकू लागले.