कांद्याची झालर

शामलाच्या हातात कैची असली की तिला लोंबतं काही सहन होत नसे. सीताबर्डीच्या एका दुकानातून कुर्त्यांचे गठ्ठे घरी यायचे आणि ती शिलाईबाहेर उरलेले धागे कापून द्यायची. पंधरा वर्षं हेच. आता पाहुण्याच्या बाहीचा धागाही ती बोलता बोलता उडवायची. जित्याची खोड, दुसरं काय!

त्या रविवारी संध्याकाळी कैची चालली ती खिडकीतल्या कांद्यावर. काजलनं, तिच्या बारावीतल्या लेकीनं, तो पाच दिवसांपूर्वी पाण्याच्या बाटलीच्या तोंडावर बसवला होता. खाली पांढऱ्याशुभ्र मुळ्या सुटल्या होत्या, कुठे लांब, कुठे आखूड. शामलानं कांदा उचलला आणि खच्चकन सगळ्या एका ओळीत आणल्या. झालर छान दिसत होती.

सोमवारी सकाळी आठला काजल ब्लेड आणि औषधाची इवलीशी बाटली घेऊन बसली आणि किंचाळलीच.

"आई! ह्या मुळ्या तू कापल्या?"

"हो. काहून वं? वाकड्यातिकड्या लोंबून राहिल्या होत्या."

"टोकंच तर पाहिजे होते मले!"

रडत रडत तिनं सांगितलं ते असं. मुळी वाढते ती टोकाशीच. एका पेशीच्या दोन होतात त्या तिथेच. वरच्या पेशी नुसत्या बसून असतात. उद्या जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलची परीक्षा, सरांनी आपापली टोकं आणायला सांगितलेली, आणि पेशी आहेत तशा टिकाव्यात म्हणून ती आज सकाळीच औषधात पडायला हवीत. नव्या कांद्याला मुळ्या फुटायच्या तर तीन-चार दिवस हवेत.

शामला आठवी शिकलेली. नवरा जितेंद्र कळमेश्वरच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि पोरीचं डोकं बापाचं, असं सासरचे सगळे म्हणायचे. तिलाही ते पटलेलं होतं. आपल्याकडून पोरीला मिळालं काय, तर हे नुकसान! तिला फार वाईट वाटलं. पण रडत बसणं तिला जमत नसे. तिनं चष्मा लावला, कांदा उलटा धरला आणि झालर बोटांनी बाजूला केली.

ओळीपेक्षा आखूड धागा कैचीत सापडत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? दुकानदार तिला बोलायचा तो अशाच धाग्यांवरून. मधल्या दाटीत चार मुळ्या होत्या, नखाएवढ्या. टोकं शाबूत.

"हे पाह्य," ती म्हणाली. "मागून निघाल्या म्हणून वाचल्या."

काजलनं डोळे पुसले. "तूच काप आई. तुले सवय आहे. तांदळाच्या दाण्याएवढंच."

शामलानं श्वास रोखून चार टोकं कापली. एकही चिरडलं नाही.

मंगळवारी दुपारभर एकच कुर्ता तिच्या मांडीवर होता. साडेतीनला काजल धावतच आली आणि मोबाईल पुढे धरला. परीक्षा संपल्यावर सरांनी सूक्ष्मदर्शकातून फोटो काढू दिला होता. लालसर पेशी दाटीनं बसलेल्या, आणि एकीत बारीक धाग्यांचे दोन झुबके दोन बाजूंना निघालेले.

"हे गुणसूत्रं. आधी प्रत्येकाची हुबेहूब नक्कल होते. मग एक इकडे, एक तिकडे."

"कोणाले कमी-जास्त?"

"नाही. दोन्ही पेशींले सारखं."

"अन् तुझ्यात किती?"

"शेहेचाळीस. तेवीस बाबांकडून, तेवीस तुझ्याकडून."

"माझ्याकडून पण तेवीस?"

"मंग काय!" काजल हसली, मग ओशाळली. "आई, एक गडबड झाली पण. परीक्षक मॅडम प्रश्न विचारून राहिल्या होत्या अन् त्यांच्या ओढणीचा धागा लोंबून राहिला होता. माझ्या हातात कैची..."

"कापला?"

"कापला."

शामलानं कपाळावर हात मारला. "काय म्हणाल्या मंग?"

"हसल्या. घरी शिवणकाम कोण करते, विचारलं. मी म्हटलं, धागे माझी आई कापते. अन् हे टोकंही तिनंच कापले."

शामला इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

संध्याकाळी जितेंद्र घरी आला. बूट काढता काढता त्यानं विचारलं, "परीक्षा कशी झाली?"

"मस्त," चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत शामला म्हणाली. "पोरगी माझ्यावर गेली."