दोन पायांवरची रायफल

दाजी लोखंडाच्या कारखान्यात क्रेन चालवायचे. त्यांचा मेहुणा तिथंच फिटर होता. तो दाजी म्हणायचा म्हणून हळूहळू सगळा कारखाना त्यांना दाजी म्हणू लागला. माहेराहून एक भाऊ आणला, शंभर फुकट मिळाले, असं त्यांची बायको, म्हणजे मेहुण्याची ताई, म्हणायची.

सुट्टीच्या दिवशी दोघं नेमबाजीला हजार यार्डांच्या रेंजवर जात. दाजी बायपॉडवर मारायचे. नळीखाली घडीचे दोन पाय, बस्स. बाकी सगळं माणसानं सांभाळायचं. पालथं पडून खांद्यानं रायफल पुढं रेटायची, तशीच दाबून धरायची आणि श्वास सोडता सोडता चाप ओढायचा. मेहुणा फ्रंट रेस्टवाला. जड लोखंडी तिपाई, तिच्यावर वाळूची पिशवी, उंची बदलायला चाक. रायफल त्यात अशी बसायची की चापाला नुसतं बोट लावायचं उरे. तू नेम कुठं धरतोस, तू तर सामान मांडतोस, असं दाजी त्याला चिडवत.

मग एका हिवाळ्यात दाजींच्या गोळ्या पांगू लागल्या. आधी वाऱ्यावर ढकललं, मग काडतुसांवर. मेहुण्यानं बायपॉडचे सांधे खोलून परत आवळले, तरी फरक पडेना. घरी ताईच्या लक्षात आलं होतं की चहा पिताना दाजींच्या हातातली बशी वाजते. तिनं डॉक्टरांचं नाव काढलं की ते हसण्यावारी नेत.

शेवटी मेहुण्यानं त्यांना आपली रेस्ट वापरायला लावली. दाजी कुरकुरत आडवे झाले. त्या दिवशी त्यांच्या सगळ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत बसल्या. उठले ते खुशीतच. हात ठणठणीत आहे, खोट बायपॉडच्या पायांत होती, असं त्यांनी घरी येऊन ताईला सांगितलं. मेहुण्यानं मान डोलावली. थरथर गेली नव्हती, ती वाळूच्या पिशवीत जिरत होती. दोघांनाही हे कळत नव्हतं असं नाही, पण बोललं कुणीच नाही. डॉक्टरांचा विषय मागं पडला.

उन्हाळ्यात ते घडलं. कारखान्यात क्रेनखाली लंबू म्हणून एक कामगार होता. भाऱ्याला साखळ्या अडकवणं आणि हातानं इशारे देणं हे त्याचं काम. दाजी वरच्या केबिनमधून सळ्यांचा भारा उतरवत होते. लंबूनं हात वर करून थांबायला सांगितलं. भारा थांबला, आणि लगेच आडवा सरकला. लंबू खांब आणि सळ्यांच्या मध्ये सापडला. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

क्रेन तपासली, तिच्यात काही दोष निघाला नाही. मॅनेजरनं ठरवून टाकलं की लंबूच लाल रेषेच्या आत उभा होता. दाजींनी फक्त हो म्हणायचं होतं. मेहुण्यानंही हात जोडले. गेलेला माणूस काही परत येत नाही, ताईकडे तरी बघा म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी दाजींनी मेहुण्याला रेंजवर चल म्हटलं. तिथं त्यानं गाडीतून रेस्ट काढली, तर म्हणाले, बायपॉड लाव. ते आडवे झाले आणि सावकाश एकेक गोळी मारत गेले. प्रत्येक गोळीनंतर निशाणाखालच्या खंदकातले लोक निशाण खाली ओढत आणि खूण लावून पुन्हा वर करत. खुणा कुठंही पडत होत्या. दोन गोळ्या तर निशाणावर लागल्याच नाहीत.

संपल्यावरही ते उठेनात. रायफल सुटली तरी उजवा अंगठा बोटावर फिरतच होता, पीठ मळून गोळी वळावी तसा.

"वर केबिनमध्ये हे असंच होतं," ते म्हणाले. "त्यानं थांब म्हटलं, मी थांबवलं. बोट थांबलं नाही."

"दाजी, हे आता कुणाला सांगायलाच हवं का?"

"लंबूच्या बायकोला सांगून झालंय ना, की तुझाच नवरा चुकला म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरकडे गेले. त्यानं नीट विचार करा म्हणून परत पाठवलं, तेव्हा थेट सरकारी तपासनिसाला सांगितलं. त्यानंतर सगळं भराभर हातचं गेलं. क्रेनचा परवाना गेला, कंपनीची खोली सोडावी लागली, खटला उभा राहिला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. तो बरा होणारा नव्हता. ताई नवऱ्यावर रागावली नाही. तेव्हा मान डोलावणाऱ्या भावाशी मात्र बोलायची बंद झाली, आणि राहायचं होतं त्याच्याच घरात.

लंबूच्या बायकोकडे दाजी एकटेच जिना चढून गेले. मेहुणा खाली उभा राहिला. तिनं दार अर्धं उघडलं आणि उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे बरोबर जागी उभे होते?"

"हो."

"आणि तुमचा हात आधीपासून असा होता?"

दाजींनी मान खाली घातली. हो म्हणाले.

तिनं दार लावून घेतलं. आतून कडी बसल्याचा आवाज आला. दाजी खाली आले. काय म्हणाली, ते मेहुण्यानं विचारलं नाही.