किल्लेदाराची भूमिका

"आजोबा, कडेला नाही, मध्ये या. अगदी मधोमध."

प्रज्ञाने तिपाईवर मोबाईल बसवला होता. कचरूतात्या भिंगारदिवे रंगमंचाच्या डाव्या बाजूला, काळ्या पडद्याला खेटून उभे होते. ते थोडे पुढे सरकले आणि पुन्हा थांबले.

"हितनं दिसत न्हाई का?"

"दिसता, पण अर्धेच. नायक कधी असा कोपऱ्यात उभा राहतो का?"

नाट्यगृहाचे राखणदार गोरक्षनाथ पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. या नोकरीत ते नवे होते आणि आयती करमणूक त्यांना मिळाली होती.

"ताई, तुमच्या आज्याला बोहल्यावर बी असंच ढकलावं लागलं आसंल."

"तुमाला काय करायचंय? तुमी कुलपं सांभाळा," तात्या म्हणाले.

"कुलपंच सांभाळतोय. नाटकं कुठं हायेत आता? लग्नं हायेत, सत्कार हायेत. परवा तर हितं साड्यांचा सेल हुता. लई गर्दी. तेवढी गर्दी तुमच्या नाटकाला तरी झाल्ती का?"

प्रज्ञा हसली. तात्या हसले नाहीत. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा अंधारात दूरवर गेलेल्या होत्या आणि त्यांच्याकडे तोंड करून उभे राहण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते.

प्रज्ञा पुण्यात नाट्यशास्त्र शिकत होती. नगरचे जुने-नवे रंगमंच आणि त्यांवर वावरलेली माणसे हा विषय तिने अभ्यासासाठी निवडला होता आणि त्याचा आरंभ आपल्या घरापासून केला होता. आपले आजोबा एका ऐतिहासिक नाटकात वृद्ध किल्लेदाराची प्रमुख भूमिका करीत, ही गोष्ट ती बालपणापासून ऐकत आली होती.

वस्तुस्थिती अशी होती, की कचरूतात्या नट म्हणून प्रेक्षकांसमोर कधी एक शब्दही बोलले नव्हते. भिंगारच्या लष्करी कचेरीतील कारकुनी आटोपून ते सायकलने नगरला येत आणि हौशी मंडळींच्या नाटकांत विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करीत. नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा. संपूर्ण वाक्य सांगायचे नाही, केवळ आरंभीचा शब्द. तोही नटाचा श्वास खरोखर अडखळला तरच. ही सेवा त्यांनी निष्ठेने केली. सर्वांची भाषणे त्यांना मुखोद्गत असत. परंतु अंगावर प्रकाश पडला की जीभ टाळूला चिकटे. एकदा दिग्दर्शकाने त्यांना दूताचे एकच वाक्य दिले होते. ते न उच्चारताच दूत परतला होता.

किल्लेदार होते खाजाभाई. झेंडीगेटला त्यांचे शिवणकामाचे दुकान होते.

प्रज्ञा लहान असताना तात्या तिला मांडीवर घेऊन किल्लेदाराचे स्वगत म्हणत. "आजोबा, हे तुम्ही करायचात?" तिने विचारले होते आणि तात्यांच्या मुखातून होकार निघून गेला होता. तो उद्गार तेथेच थांबता, तर काळाने त्याला पोटात घेतले असते. परंतु तिने पुढे विचारले, "आणि विसरलात तर?"

"मंग खाजाभाई हाय की. पडद्याआडनं सांगतो."

अशा रीतीने मित्राचे स्थान घेताना त्यांनी आपले स्थान मित्राला देऊन टाकले होते. त्या क्षणी ती केवळ थट्टा वाटली होती. नात मोठी होत गेली, तिने तीच वाट धरली, आणि थट्टा मागे घेण्याचा दिवस प्रत्येक वेळी पुढे ढकलला गेला.

"आता झेंडीगेटला जाऊ," मोबाईल पिशवीत ठेवत प्रज्ञा म्हणाली. "खाजाभाईंना भेटायचंय मला."

"त्याला अर्धांग झालंय पोरी. बोलताना तरास व्हतो त्याला."

"नुसतं बघू, नमस्कार करू. तुम्हाला शब्द देणारा माणूस, आजोबा. त्यांना सोडून तुमच्यावर कसं लिहू?"

तात्यांनी चपला पायांत सरकवल्या.

वाटेत तिने रिक्षा एका मैदानापाशी थांबवली. येथे पूर्वी खुला रंगमंच होता. मागची भिंत अजून उभी होती. तिच्या आश्रयाने टेम्पो लावलेले होते. प्रज्ञाने छायाचित्रे घेतली. तिची पाठ वळलेली पाहून तात्यांनी धीर एकवटला.

"प्रज्ञा, त्या नाटकाचं जरा सांगायचं हुतं."

"मला सगळं पाठ आहे ते." ती वळली. तिचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने तांबूस झाला होता. "वर्गात सगळे मोठमोठी नावं सांगत होते, कोण कुणाचा शिष्य, कोण कुणाची भाची. मी म्हटलं, माझे आजोबा दिवसभर कचेरीत फायली उचलायचे आणि संध्याकाळी किल्लेदार व्हायचे. सगळे गप्प झाले."

तात्यांनी मान खाली घातली. "चल, रिक्षावाला खोळंबलाय," एवढेच ते म्हणाले.

झेंडीगेटच्या त्या घरात खाजाभाई खिडकीलगतच्या खाटेवर टेकून बसले होते. डावा हात मांडीवर निश्चल पडला होता, ओठांची एक बाजू खाली ओढली गेली होती; डोळ्यांतील तेज मात्र तेच होते. हा आघात झाल्यापासून तात्यांनी येथे येणे कमी केले होते. ज्याची वाचा लुळी पडली त्याच्यासमोर, त्याचीच वाक्ये चोरून, जाऊन बसावे कसे?

"या कचरूभाऊ," खाजाभाईंची पत्नी खातून म्हणाली. "ईद गेली, शिरखुर्मा सुकून गेला, तवा आठवण झाली व्हय?"

"चुकलं भाभी. ही प्रज्ञा, माझी नात."

प्रज्ञाने वाकून नमस्कार केला आणि खाजाभाईंच्या जवळ बसून मोकळेपणाने म्हणाली, "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय मी. आजोबा किल्लेदार करायचे आणि तुम्ही पडद्यामागून त्यांना शब्द द्यायचात ना?"

खोलीतील शिलाई यंत्रावर उन्हाचा एक पट्टा पडला होता. तात्यांनी दृष्टी त्यावर रोखली. आता कोणत्याही क्षणी खरे काय ते बाहेर येईल आणि ते येणेच न्याय्य आहे, असे त्यांना वाटले.

खातूनने एकदा तात्यांकडे पाहिले आणि एकदा पतीकडे. किल्लेदाराचा अंगरखा तिनेच याच यंत्रावर शिवला होता.

"हां बेटी," ती शांतपणे म्हणाली. "तुझे आजोबाच करायचे. आमचे हे बाजूला उभे ऱ्हायचे. अंधारात."

खाजाभाईंनी मान हलवली. त्या माणसाला आता स्वतःचे म्हणता येईल असे फारच थोडे उरले होते आणि त्यातलेही जे मोठे होते ते त्याने, मागितल्यावाचून, मित्राच्या पदरात टाकले. तात्यांना वाटले, खातूनने चारचौघांत वाभाडे काढले असते तर ते सोसवले असते.

"मग आजोबा, आज त्यांच्यासमोरच होऊ द्या," प्रज्ञाने मोबाईल समोर धरला. "शेवटचं स्वगत. गड सोडतानाचं."

"नको पोरी."

"एकदाच."

खिडकीचा प्रकाश थेट तात्यांच्या मुखावर येत होता. त्यांनी ओठ उघडले.

"किल्ल्या..."

पुढचे वाक्य त्यांच्या मनात अक्षरशः उभे होते; आयुष्यभर त्यांनी ते इतरांसाठी जपले होते. तरी जीभ हलेना. प्रज्ञाच्या भुवया किंचित जवळ आल्या.

"घेऊन," खाटेवरून आवाज आला.

शब्द जड होता, वाकडा होता, परंतु नेमक्या जागी आला होता. खाजाभाई तात्यांच्या कंठाकडे टक लावून पाहत होते, श्वास अडला की पुरवण्यासाठी पुढचा शब्द ओठांत धरून. ते आपल्या नव्या कामाला प्रामाणिकपणे लागले होते.

कचरूतात्या उठले. ते त्या प्रकाशातून बाहेर पडले, खाटेला वळसा घालून गेले आणि खाजाभाईंच्या उशाशी, भिंतीच्या सावलीत, जमिनीवर बसले.

"प्रज्ञा, फोन हिकडं नको. त्याच्याकडं फिरव."

"म्हणजे?"

"किल्लेदार ह्यो हाय. मी हितं, पडद्याआड आसायचो. मी तुला खोटं सांगितलं."

प्रज्ञाने आजोबांकडे पाहिले नाही. पाहू नये, एवढे तिला त्या क्षणी समजले असावे. तिने मोबाईल हळूहळू खाजाभाईंकडे वळवला आणि दोन्ही हातांनी धरला.

"कशाला रे?" खाजाभाई मोठ्या कष्टाने म्हणाले.

"थांबू नको आता," तात्या कुजबुजले. "किल्ल्या."

खाजाभाईंनी पाठ ताठ करण्याचा यत्न केला. खातूनने उशी वर सरकवली.

"किल्ल्या... घेऊन जा, सरदार." एकेक शब्द दरीतून वर ओढून आणावा तसा येत होता. "हा दरवाजा... मी रोज..."

"सकाळी," सावलीतून आवाज आला.

"सकाळी... स्वतःच्या हातानं... उघडला. आज..."

येथे खाजाभाई बराच वेळ थांबले. तात्यांनी शब्द दिला नाही. हा विराम त्यांच्या ओळखीचा होता.

"आज एवढा... मला... बंद करू द्या."

त्यांच्या ओठांच्या ओढल्या गेलेल्या कोपऱ्यातून लाळ ओघळली होती. खातूनचा हात पुढे गेला होता. वाक्य पूर्ण होईपर्यंत तिने तो तसाच आवरून धरला. मग ओढणीच्या टोकाने तिने तो कोपरा अलगद पुसला.