तांब्याची गुल्ली

मला आधी माझाच राग येतो, मग अनंतसाहेबांचा. हा क्रम बदलायची फार इच्छा आहे, पण तो बदलत नाही.

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे शाफ्ट कडक करतात. शाफ्टभोवती कॉइल, कॉइलमधून जबरदस्त प्रवाह, आणि पाच-सहा सेकंदांत पोलाद लालबुंद. मग पाण्याचा मारा. या तापण्याचं गणित कॉम्प्युटरवर मांडणं हे माझं काम. पोलाद तापलं की त्याचं चुंबकत्व जातं, ते गेलं की तापण्याची चालच बदलते. हे सगळं मी इमानेइतबारे मांडलं होतं.

फक्त शाफ्टमधलं तेलाचं छिद्र त्या मांडणीतून पुसलं. सहा मिलिमीटरचं तर होतं! ते नसलं की शाफ्ट चहूबाजूंनी सारखा, त्याच्या एका कापाचं गणित सोडवलं की भागतं. असलं की अख्ख्या शाफ्टचं सोडवा, दोन दिवस कॉम्प्युटर अडकवा. अनंतसाहेब माझे वरिष्ठ, त्यांना रिपोर्ट त्याच संध्याकाळी हवा होता. आम्ही सगळेच असं करतो, बारीकसारीक काढून टाकतो आणि त्याला सोपं करणं म्हणतो.

मशीनवरचे कवडूभाऊ बावीस वर्षं त्या छिद्रात तांब्याची गुल्ली बसवूनच शाफ्ट तापवायचे. त्यांच्या उस्तादांनी तसं शिकवलं होतं, कारण कधी सांगितलं नव्हतं. तापमान रंगांत दाखवणाऱ्या माझ्या चित्रात सगळीकडे एकसारखा नारिंगी रंग बघून साहेबांनी गुल्ली बंद केली. वेळ वाचतो म्हणे. महिन्याभरात छिद्रांच्या कडेला तडे जायला लागले. कवडूभाऊ म्हणाले, गुल्लीशिवाय असंच होईल. तर साहेबांनी माझं चित्र त्यांच्या तोंडासमोर नाचवलं आणि वर नोटीसही त्यांनाच दिली! शाफ्ट जास्त तापवला, हलगर्जीपणा केला, असं त्यात लिहिलं. चौकशीत दोषी ठरले तर नोकरी जाणार.

नोटिशीसोबतचे तड्यांचे फोटो माझ्या टेबलावर आले. मी छिद्र परत घातलं, दोन दिवस गणित चालवलं. छिद्राला वळसा घालताना प्रवाह कडेला दाटत होता. बाकी शाफ्ट नऊशे अंशांवर, कड साडेअकराशेवर. गुल्ली घातली की प्रवाहाला वळसाच पडत नव्हता.

साहेबांनी चित्राकडे धड पाहिलंही नाही.

"वेदिका, पहिला रिपोर्ट कस्टमरकडे गेलाय. रंगांची पट्टी वरून थोडी ताण, साडेअकराशेही नारिंगीच दिसेल, कड दिसणार नाही."

"आणि कवडूभाऊ?"

"ऑपरेटर मिळतात गं."

असं बोलताना माणसाची जीभ कशी झडत नाही? त्या मंगळवारी मी डबाही उघडला नाही.

चौकशीत मी दोन्ही चित्रं पडद्यावर लावली. "छिद्र मी काढलं होतं. गुल्ली माझ्या रिपोर्टमुळे बंद झाली. साहेबांना हे मंगळवारपासून माहीत आहे," असं सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब खाली मान घालून मोबाइल चाळत बसले. नोटीस तिथल्या तिथे मागे घेतली गेली.

बाहेर कवडूभाऊ भेटले. खोटं कशाला बोलू, ते आभार मानतील असं मला वाटलं होतं.

"नोटीस गेली, बरं झालं," ते म्हणाले. "पण तो होल पुसला तवा मले काहून नाही इचारलं, मॅडम? पन्नास पावलांवर तर उभा राहतो मी."

मी लॅपटॉप काखेत सरकवला. तेच पुढे बोलले.

"कॉम्प्युटर खोटा कसा बोलन, असं वाटे मले. तापल्या लोखंडाचा रंग पाहूनच तर काम करतो आपण. दोनदा चष्मा बदलला. लाल दिसून राहिलं ते खरंच लाल हाय का, हेच समजे ना. अजूनबी समजत नाही."

त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्या हातात दिला. राजीनामा होता, आजच्या तारखेचा. कारण म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: माझी नजर आता कामाची राहिली नाही.