थंड ब्रेक

विल्फ ऑल्सॉप यांनी उभी एकतीस वर्षं ब्रेकचे पॅड बनवण्याच्या कारखान्यात काढली होती, आणि त्यातली अठरा तपासणी खात्यात. जळक्या पॅडचा वास घेऊन ते त्यातला मसाला कुठला ते सांगत. असल्या माणसाला ब्रेकच्या बाबतीत फसवायला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे त्यांच्या बावन्न वर्षांच्या मुलीला, हेस्टरला, पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं ते केलंच.

हेस्टर जनावरांच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्याकडे दोन माणसांपुरती एक छोटी, अठरा वर्षांची जुनी स्पोर्ट्‌स कार होती, आणि वर्षातून तीन-चारदा ती विदरबीच्या ट्रॅकवर जायची. पूर्वी तो विमानतळ होता. आता फी भरून कुणीही यावं आणि आपापली गाडी हौस फिटेस्तोवर पळवावी. शर्यत लावायची नाही, वेळ मोजायची नाही, हा तिथला नियम. वेळ कुणीच मोजत नसे, आणि आपली वेळ प्रत्येकाला अर्ध्या सेकंदापर्यंत तोंडपाठ असे.

मागच्या उन्हाळ्यात आठव्या फेरीला तिच्या साध्या पॅडांनी धूर काढून राम म्हटला. पेडल दगडासारखं झालं आणि गाडी वळण सोडून सरळ गवतात. तेव्हा नवे पॅड घेणं आलं.

"रस्त्याचे आणि शर्यतीचे यांच्या मधल्या जातीचे घे," विल्फ म्हणाले. "ट्रॅकवर थोडे कमी पडतील, पडू देत. गाडी संध्याकाळी घरी आणायची ना त्याच ब्रेकवर? मग पॅड घरच्या रस्त्यासाठी निवडायचे."

ट्रॅकवर नेहमी भेटणाऱ्या डंकनचं म्हणणं निराळं. "मधले म्हणजे ना धड इकडचे ना तिकडचे. सरळ शर्यतीचे टाक. तुझे वडील ज्या काळातले, त्या काळी गाड्या तरी धावत होत्या का?"

या वेळी गोष्ट नुसत्या पॅडांची नव्हती. विल्फ तिच्या शेजारी बसून ट्रॅकवर येणार होते. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तिनं तसं कबूल केलं होतं आणि आज-उद्या करत चार वर्षं घालवली होती. आता तीन आठवड्यांनी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती, आणि त्यानंतर असले उद्योग बंद, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणजे हीच एक संधी. त्यात विल्फ यांचा जन्माचा नियम असा, की ज्या गाडीचे ब्रेक आपल्याला माहीत नाहीत तिच्यात बसायचं नाही.

हेस्टरनं शर्यतीचे घेतले. वडिलांना वेगाची खरी मजा दाखवायची होती, असं तिनं स्वतःला समजावलं. फोनवर विल्फ यांनी विचारलं, "पॅड घेतलेस का गं?"

"घेतले की डॅड. तुम्ही सांगितलेत तेच."

मग ते म्हणाले, "बरं."

एप्रिलमधल्या गार सकाळी सातला दोघं निघाली. विल्फ यांच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात थर्मास आणि चीज-लोणच्याची सँडविचं. गावाच्या टोकाला गोल चौक आहे. हेस्टरनं ब्रेक दाबला. शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत, हे तिनं वाचलं होतं, पण वाचणं वेगळं. गाडी पांढरी रेघ ओलांडून अर्धी पुढं गेली. पावाच्या गाडीवाल्यानं करकचून भोंगा वाजवला आणि खिडकीतून तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

"रस्ता ओला आहे," हेस्टर म्हणाली. रस्ता खडखडीत कोरडा होता.

विल्फ यांचा उजवा पाय गाडीच्या तळाशी रुतून बसला होता, जणू तिथंही एक पेडल आहे. ट्रॅक येईपर्यंत तो पाय हलला नाही.

तिथं सूचना ऐकून झाल्या, मनगटांना कागदी पट्ट्या बांधून झाल्या. गाडी जरा गरम करून आणते, म्हणून हेस्टर आधी एकटी गेली. आणि काय ते ब्रेक! ती खूश होऊन परत आली. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो, म्हणून तिनं चाकाखाली लाकडाची पाचर सारली. काठी टेकत विल्फ आले, पुढच्या चाकापाशी वाकले आणि त्यांनी एकदा वास घेतला.

"हे माझे नाहीत."

"डॅड…"

"ट्रॅकवर हे मी सांगितलेल्यांपेक्षा सरस आहेत, मला काय कळत नाही? सकाळी चौकातच कळलं होतं. म्हटलं, सांगेल आपण होऊन. का खोटं बोललीस?"

हेस्टरला पृथ्वी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आता आणखी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "डंकनचं ऐकलं. मला वाटलं, तुम्ही म्हातारे झालात."

"झालोच आहे. म्हातारा झालोय, नाक शाबूत आहे." त्यांनी घडीची खुर्ची उघडली आणि ट्रॅककडे पाठ करून बसले. "मी नाही बसणार या गाडीत."

ती उभीच राहिली. विल्फ यांनी पिशवीत हात घातला आणि सँडविचांच्या खालून एक राखाडी खोका काढला. मधल्या जातीचे, चारही चाकांचे पॅड.

"तुला भेट द्यायला आणले होते. तू फोनवर म्हणालीस घेतले, तेही हेच. म्हटलं, दोन जोड असलेले बरे."

हेस्टरनं खोका उचलला. "बदलू या," ती म्हणाली.

"आधी चहा. गाडी निवू दे."

तासभर गाडी निवली. मग जॅक, पाने, एकेक चाक. आधीच्या मसाल्याचा थर ब्रेकच्या चकत्यांवर, म्हणजे डिस्कवर, राहिला तर नवे पॅड नीट बसत नाहीत, म्हणून विल्फ यांनी तिला चारही चकत्या वाळूच्या कागदानं घासायला लावल्या, दोनदा. डंकन डोकावून गेला.

"काय मोडलं?"

"काही नाही," विल्फ म्हणाले. "मोडायच्या आत बदलतोय."

सगळं होईतो साडेचार वाजले. पाचला ट्रॅक बंद. आणि नव्या पॅडांवर लगेच गाडी पिटाळता येत नाही, ते आधी हळूहळू तापवून चकत्यांवर बसवावे लागतात. मधल्या वेगावरून हलका ब्रेक, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, असं वीसदा.

"म्हणजे तुमची फेरी राहिलीच," हेस्टर म्हणाली. तिला स्वतःचा भयंकर राग आला होता.

"राहिली कुठं? चल, हेल्मेट दे इकडं."

आणि ते बसले. विदरबीच्या ट्रॅकवर त्या दिवशी इतकी हळू दुसरी गाडी नव्हती. मागचे सगळे पुढं जात होते, डंकन तर हात हलवून गेला. विल्फ यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्यांनी काच खाली केली होती आणि नाक वाऱ्याला धरलं होतं.

"आता दाब. हळू… हळू… सोड! थांबू नकोस, थांबलीस तर पॅड तिथंच चिकटतील. सात झाले."

"आठ."

"सात! मोजणी माझी आहे."

त्यांचा आवाज कारखान्यातला होता. हेस्टरनं तो लहानपणी, शाळेच्या सुटीत त्यांचा डबा पोचवायला गेली की ऐकलेला. त्यानंतर आजच. अठराव्याला गोडसर जळका वास आला. विसाव्याला विल्फ यांनी काच वर केली.

"बसले."

समोर शेवटचं निशाण हललं. ट्रॅक बंद झाला होता. वेगाची एकही फेरी झाली नाही. हेस्टरचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? गाडी चालव. गार होऊ देत आता."

दोघं घराकडच्या रस्त्याला लागली. गावाच्या टोकाला तोच गोल चौक आला. ब्रेक एव्हाना पार गार झाले होते. हेस्टरनं जीव मुठीत धरून पेडल दाबलं. गाडी पांढऱ्या रेघेच्या हातभर अलीकडे थांबली.

"पाहिलंत का, डॅड?" म्हणत ती वळली.

विल्फ यांचे दोन्ही पाय सैल पसरलेले होते, तोंड उघडं होतं, आणि ते गाढ झोपले होते.